वाफेचं तापमान तीस

सातपूरच्या एका छोट्या ऑफिसात चिंतामण गायधनी पाइपांवरच्या ताणांचे हिशेब काढत. वाफ सोडली की लोखंडी पाइप तापून लांबतो. त्याला सरकायला जागा ठेवली नाही, तर तो यंत्राच्या तोंडावर रेटा देतो आणि सांधा फुटतो. आधार कुठे, लांबी जिरवणारा वळसा कुठे, ते गायधनी सर संगणकावर ठरवत. ताण जास्त झाला की ओळ लाल, नाहीतर हिरवी. माणूस हुशार, यात वाद नाही. पण जिभेला हाड नव्हतं. हाताखालचं कुणी चुकलं की चारचौघांत विचारत, "डोकं घरी ठेवून आलात का?"

दिंडोरीच्या योगेशभाऊंनी टोमॅटोच्या रसाचा कारखाना काढला. तिथली वाफेची लाइन सरांनी स्वतः केली आणि "एकही ओळ लाल नाही, वळसेसुद्धा लागले नाहीत" म्हणून आठवडाभर मिरवले. उद्या पूजा होऊन वाफ सुटायची होती. आज त्यांच्या हाताखालच्या तेजलने फाइल उघडली आणि हळूच खुर्ची सरांकडे सरकवली. सरांनी गार पाण्याच्या जुन्या लाइनचीच फाइल उचलून पुढे काम केलं होतं. तापमान तीसच राहिलं होतं, आणि वाफ होती एकशे ऐंशीची. तेजलने खरा आकडा टाकला, तर अख्खा पडदा लाल.

वाफ थांबवायलाच हवी होती. सरांनी योगेशभाऊंना फोन लावला, पलीकडून "बोला सर" आलं. त्यांनी फोन सरळ तेजलच्या हातात दिला. काय म्हणावं या माणसाला!

"भाऊ, तापमान टाकण्यात चूक झालीय," ती म्हणाली. तिने एकदा सरांकडे पाहिलं. "माझ्याकडून."

मग पाहुणेरावळे बोलावलेत, गुरुजी सांगितलेत, शिकूनसवरून अशी माती खायची का, असं जे सुरू झालं ते सगळ्या ऑफिसने ऐकलं. ती नुसती "हो भाऊ" म्हणत राहिली. सर टेबलाकडे बघत बसले. लाज वाटत होती, भयंकर लाज.

"सर, जेवायला येताय ना?" तिने नेहमीसारखी हाक मारली, तेव्हा तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा तसाच ठेवून ते जिन्यात गेले आणि पुन्हा फोन लावला.

"योगेशभाऊ, ती चूक माझी. फाइल मी केली होती. तेजलचा काही संबंध नाही."

पलीकडे भाऊ हसले. "राहू द्या सर. पोरीला पाठीशी घालताय, कळतं की आम्हाला. एवढा मोठेपणा आजकाल लय कमी लोकांत हाय."

सरांनी पुन्हा सांगितलं, शपथ घेऊन सांगितलं. जितकं सांगावं तितके ते भाऊंना थोर वाटत गेले.