बापाचे खांदे

बहात्तरच्या दुष्काळातही मी आखाडा सोडला नाही. पहिलवानाले खुराक पाहिजे, असं वस्ताद सांगत, म्हणून घरच्या एकुलत्या शेळीचं सगळं दूध मलेच मिळे. बाप कोरा चहा पिताना म्हणे, "मले दूध पचत नाही." मी ते खरं मानलं. मले तेच सोयीचं होतं.

केनवडच्या दंगलीत मी कुस्ती मारली. जिंकलेल्याले खांद्यावर घेऊन मिरवायचा रिवाज होता. बापानं दुसऱ्या कोणाले हात लावू दिला नाही, स्वतःच मले उचललं. त्याच्या खांद्यांची हाडं माझ्या मांड्यांत रुतत होती.

"बाबा, खाली उतरवा मले."

"गप बैस! तुह्यं वजन किती भरलं, ते पाहून राह्यलो मी."

समोर हलगी वाजत होती. जिंकूनही माझी मान वर होईना.