सोडून जाणाऱ्यांच्या बाई

आमचा खेळ सोडून जाणाऱ्यांना थांबवण्यासाठी कंपनीने ज्या बाईंना नोकरीवर घेतलं, त्यांनी आयुष्यात कुणालाही कधी थांबवलं नव्हतं. मनमाड स्टेशनच्या चौकशी खिडकीत तीस-बत्तीस वर्षं बसून, कुठली गाडी कुठल्या फलाटावरून सुटते एवढंच त्यांनी लोकांना सांगितलं होतं. निवृत्त झाल्यावर त्या नाशिक रोडला धाकट्या बहिणीकडे राहायला आल्या, चार महिने घरात बसल्या, आणि मग 'फोनवर स्पष्ट मराठी बोलणारी व्यक्ती पाहिजे' ही आमची जाहिरात वाचून सातपूरच्या ऑफिसात येऊन उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांचा आवाज ऐकला आणि तिथल्या तिथे होकार दिला. काम नेमकं काय आहे, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

आडनाव गांगुर्डे. ऑफिसात सगळे नुसतं 'बाई' म्हणत. वर्षातून दोनच रजा घेत, आंबेडकर जयंतीची आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाची. बाकी सगळे दिवस साडेनऊच्या ठोक्याला खुर्चीत.

आमच्या खेळाचं नाव 'सातमाळा'. शेकडो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात शिरायची, गड बांधायची, टोळ्या करायची, एकमेकांच्या गडांना वेढे घालायची. त्यासाठी महिन्याची वर्गणी. लोक हौसेने यायचे आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात निघून जायचे. का जायचे ते आम्हाला कळत नव्हतं. साहेब स्वतः पस्तिशीचे, हुशार, आकड्यांवर जीव असलेले. त्यांनी खेळाडूंच्या संख्येचा आलेख भिंतीवर लावला होता. पाण्याची बाटली भरून देणारे काका एकदा त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले, "ही घाटाची बाजू का?" मी खेळाचं तांत्रिक काम बघायचो आणि बाईंना माझ्या शेजारचं टेबल मिळालं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना छापील मजकूर दिला. वर्गणी बंद करणाऱ्याला फोन करायचा, 'तुम्ही आमच्यासाठी मोलाचे आहात' म्हणायचं आणि पुढचा महिना फुकट द्यायचा. बाईंनी तो दोनदा वाचला, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि पहिला फोन लावला. समोर चांदवडचा एक माणूस होता, कांद्याच्या खळ्यावर प्रतवारीचं काम करणारा.

"सोडलं का तुम्ही?" बाई म्हणाल्या.

"हो. कंटाळा आला."

"बरं. जाताना काही राहिलं नाही ना मागे?"

मग तो म्हणाला, "चाळीस हत्ती आहेत माझे."

"मग ते कुणाला तरी देऊन जा. उपाशी मरतील."

खेळात हत्तींना खायला घालायची सोयच नव्हती, पण बाईंना ते माहीत नव्हतं आणि त्यालाही त्या वेळी आठवलं नाही. तो हत्ती द्यायला परत आला. ज्याला दिले त्याला हत्ती हाकता येईनात, म्हणून शिकवायला थांबला. शिकवता शिकवता दोन महिने राहिला. मग खरोखरच गेला, आणि जाताना बाईंना फोन करून सांगून गेला. कंपनीच्या इतिहासात सांगून गेलेला तो पहिला माणूस.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्यांना 'थांबा' का नाही म्हणत?" बाई म्हणाल्या, "जाणाऱ्याला गाडी नीट सांगावी. हात धरला की माणूस हात सोडवण्यातच गुंततो." साहेबांना हे पटलं नाही. पण त्यांच्या छापील मजकुराने कुणीच परत आलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी बाईंचं तसंच चालू दिलं.

कामाला लागल्यावर आठवड्याभरातच बाई म्हणाल्या होत्या, "मला तो खेळ दाखवा. मी कधी न बघितलेल्या गावाची चौकशी सांगते आहे." मी त्यांना खातं उघडून दिलं. त्यांनी तलवार घेतली नाही, गड बांधला नाही. खेळात नवा माणूस ज्या वेशीतून आत येतो, तिथे जाऊन उभ्या राहिल्या. रोज जेवणाच्या सुट्टीत, डावीकडे भाकरीचा डबा आणि उजवीकडे माउस ठेवून, त्या येणाऱ्याला सांगत: लाकूड पूर्वेला मिळतं, विहीर देवळामागे आहे, त्या काळ्या झेंड्याच्या टोळीकडे जाऊ नका, ते लुटतात.

काळा झेंडा म्हणजे आमचे सगळ्यात जुने वर्गणीदार. बांधायचं ते सगळं बांधून झालेलं, जिंकायचं ते जिंकून झालेलं. आता ते दिवसभर वेशीबाहेर बसून नव्या लोकांची कुऱ्हाड काढून घेत. नवा माणूस अर्ध्या तासात लुटला जाई आणि पुन्हा येत नसे. मग लुटायला कुणी उरलं नाही की जुनेही कंटाळून सोडत. दोन वर्षं आलेखाकडे बघून आम्हाला जे कळलं नव्हतं, ते बाईंनी वेशीत उभं राहून चार दिवसांत सांगितलं. "नवीन सुनेला पहिल्याच दिवशी सगळ्यांनी छळलं आणि वर म्हणतात, माहेरी का गेली?"

फोन झाला की बाई वहीत त्या माणसाचं नाव, फोन नंबर आणि जाण्याचं कारण लिहीत. परीक्षा. लग्न ठरलं. मुलगी झाली. नवी तलवार आली, माझी जुनी बाद झाली. मित्र गेला. मित्र गेला. मित्र गेला. एका बैठकीत त्यांनी ती वही साहेबांसमोर ठेवली. त्या दिवशी साहेब आग ओकणारी घोरपड दाखवत होते. लोकांना धरून ठेवायला ती पुढच्या महिन्यात खेळात सोडायची होती.

"घोरपड छान आहे," बाई म्हणाल्या. "पण साहेब, माणसं एकेकटी जात नाहीत. एक उठला की त्याच्याबरोबर पाच-सहा उठतात. खेळ कुणी सोडत नाही, सोबत सुटते. ही घोरपड कुणाला नावाने हाक मारते का?"

घोरपड त्या महिन्यात आली. लोकांनी ती तीन दिवसांत मारली.

त्यानंतर साहेबांनी ठरवलं की दर सहा महिन्यांनी सगळे गड पुसून टाकायचे, म्हणजे जुने आणि नवे पुन्हा एका रेषेवरून सुरुवात करतील. बाईंचंच म्हणणं त्यांनी आपल्या पद्धतीने ऐकलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एका सोमवारी सकाळी चहा घेता घेता मी ती आज्ञा दिली, आणि चहा संपायच्या आत सगळी जमीन सपाट झाली.

त्याच आठवड्यात घोटीची टोळी गेली. तीसेक माणसं होती. गिरणीतली, दुकानांतली, एक शिक्षिका, एक पोस्टमन. आमच्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सभ्य टोळी. बाई एकेकाला फोन करत होत्या आणि जो तो एकच शब्द बोलून ठेवून देत होता: "सोडलं." शेवटी ती शिक्षिका म्हणाली, "अण्णांना विचारा." अण्णा म्हणजे टोळीचे म्होरके, गिरणीत कामाला. बाईंनी त्यांना फोन लावला.

"तुमचं काय काम नाय त्यात," अण्णा म्हणाले. "झाड गेलं, आम्ही गेलो."

"कुठलं झाड?"

फोन बंद झाला होता. बाईंनी रिसीव्हर हळूच ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "सर, उद्या घोटीला जाऊ."

"असं ग्राहकाच्या घरी जायची पद्धत नाही, बाई."

"घरी नाही. गिरणीवर जाऊ."

दुसऱ्या दिवशी एसटीने गेलो. भाताच्या गिरणीत अण्णा यंत्रावर होते. पन्नाशीचे, भुवयांवर कोंडा बसलेला. बाईंनी ओळख सांगितल्यावर त्यांनी यंत्र दुसऱ्याच्या हाती दिलं आणि आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. त्यांच्या टोळीत दिलीप नावाचा एक टेम्पोवाला होता. दोन वर्षांपूर्वी जेवता जेवता त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. टोळीतल्या निम्म्या लोकांनी त्याला कधी समोर पाहिलंही नव्हतं. त्यांनी गडाच्या कोपऱ्यावर त्याच्या नावाने उंबर लावला. आमच्या खेळात झाडाला पाणी घातलं की ते वाढायचं. मग जो कुणी खेळात शिरेल तो आधी उंबराला पाणी घालायचा आणि नंतर लढाईला जायचा.

"लय मोठं झालं होतं," अण्णा म्हणाले. "सोमवारी आलो तर जमीन साफ. मी तुम्हाला चार वेळा लिवलं. उत्तर आलं, नव्या पर्वाच्या शुभेच्छा."

ते उत्तर यंत्र आपोआप पाठवायचं. ती सोयही मीच केली होती.

"अण्णा, ते मी पुसलं," मी म्हणालो. "माझ्या हातून झालं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. "पुसताना दिसलं नाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आम्हाला झाडं दिसत नाहीत. आकडे दिसतात."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "तीन चहा सांगा रे."

तो चहा मला प्यायला फार वेळ लागला. बाई तोवर माझ्याशेजारी बसून राहिल्या. परतीच्या गाडीत, मी खिडकीबाहेर बघत होतो तेव्हा, त्या म्हणाल्या, "एकदा एक माणूस धावत खिडकीवर आला. आईला बघायला निघाला होता. 'गेली गाडी' असं मी मान वर न करता सांगितलं. तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. माझी ड्युटी संपली तरी तो तिथेच. मग पुढची गाडी येईपर्यंत मी त्याच्याशेजारी बसले."

"काय बोललात त्याच्याशी?"

"काही नाही. गाडी तर गेलीच होती."

ऑफिसात आल्यावर मी जुन्या जमिनीची साठवलेली प्रत शोधून काढली. उंबर त्यात होता. साहेबांनी परवानगी नाकारली. "एकाला परत दिलं तर सगळे मागतील."

"मागू द्या की," बाई म्हणाल्या. "मागायला आलेला माणूस अजून गेलेला नसतो, साहेब."

तिसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी येऊन, बाईंकडे न बघता, "फक्त झाड" एवढंच म्हणाले. जुन्या जागी आता दुसऱ्याचा गड होता, म्हणून मी उंबर आणून तिच्या जवळात जवळ बसवला. अण्णा आले आणि त्यांनी आधी उंबराला पाणी घातलं. मग त्यांनी लिहिलं, 'जागा ती नाय. पण हाय.' तिसांपैकी अकरा जण परत आले. बाकीच्यांची एकमेकांशी गाठच सुटली होती. ते परत आले नाहीत, आणि त्याचं उत्तर कुठल्याही प्रतीत साठवलेलं नव्हतं.

मग खरंच सगळे मागायला आले. कुणाला विहीर हवी होती, कुणाला भावाने बांधलेला वाकडा बुरूज. एकाने एक दगड मागितला आणि कारण सांगायला नकार दिला. मी महिनाभर तेवढंच काम करत होतो. साहेबांनी पुसणं कायमचं बंद केलं, वेशीत नव्यांना वाट दाखवायला जुन्या लोकांच्या पाळ्या लावल्या, आणि काळ्या झेंड्यातल्या तिघांनी सगळ्यात आधी नावं दिली. लोक जास्त दिवस टिकू लागले. पण कंपनी तोवर थकली होती. गुंतवणूकदारांना आणखी दम धरायचा नव्हता, आणि वर्षभरात खेळ बंद करायचं ठरलं.

बाईंनी एकच मागणं केलं: बंद करायचा तो रविवारी दुपारी, सगळ्यांना सांगून. सोडून गेलेल्यांनाही त्यांनी वहीतून शोधून फोन केले. त्या दुपारी वेशीत इतकी गर्दी झाली की माझं यंत्र तापलं. कुणी लढलं नाही. चार वाजता मी आज्ञा दिली, या वेळी पडद्याकडे बघत. बाईंनी वही पर्समध्ये घातली, डबा उचलला आणि "येते, सर" म्हणून बस पकडायला गेल्या.

मी पुढे पुण्याला नोकरी धरली. वर्षातून एक-दोनदा आमचा फोन व्हायचा. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. बाई थोड्या आजारानंतर गेल्या होत्या. बहिणीने नावं वाचत त्या वहीतल्या सगळ्यांना कळवलं होतं, हे लोक कोण आहेत ते माहीत नसताना.

बाईंच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाला मी नाशिक रोडला गेलो. बुद्धवंदना सुरू व्हायची होती. दारात चपलांचा ढीग होता. खोलीत नातेवाईक एका बाजूला बसले होते आणि दुसऱ्या बाजूला पंधरा-वीस अनोळखी माणसं भिंतीला लागून उभी होती. कोंड्याचा वास आला म्हणून मी वळलो, तर अण्णा होते. त्यांच्या शेजारी एक शिक्षिका वाटणाऱ्या बाई, एक हडकुळा मुलगा, आणि चांदवडहून आलेला एक जण. सगळे एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, आणि मला कळलं की त्यांतले बरेच जण एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते.

बहीण त्यांच्यापाशी आली. "तुम्ही ताईच्या ऑफिसातले का?"

"नाय," अण्णा म्हणाले. "आम्ही त्यांच्या गावचे."

"मनमाडचे?"

"नाय. ते वेगळं होतं." अण्णांनी टोपी हातात घेतली. "आता नाय ते गाव."

बहिणीने आतून दुसरी सतरंजी आणली, पार भिंतीपर्यंत अंथरली, आणि नातेवाइकांना जरा सरकायला सांगितलं.