नायी म्हणजे कोण?

चामराजपुरमच्या कॉफी हॉटेलच्या अंगणात कुत्र्यांना बसू देऊ लागले, ते माझ्या भाषणामुळे. आणि त्या भाषणात मी कुत्र्याचे नावसुद्धा घेतले नव्हते! हसू नका, आधी ऐका.

पुण्यात मुलींना मराठी व्याकरण शिकवून मी निवृत्त झाले आणि म्हैसूरला भावाकडे राहावयास आले. येथील मराठी मंडळींच्या तोंडी कानडी शब्द इतके, की माझा जीव कासावीस होई. मग मी कानडी शिकावे? छे! येऊन आठ दिवस झाले नाहीत, तोच मी त्यांचे मराठी सुधारू लागले.

एके सकाळी शेजारचे जाधवराव फाटकाशी खिन्न उभे होते. महाराजांच्या घोडदळातले जुने शिपाई.

"आपलं हॉटेलात जाणं सुटलं, बाई. नायीला आणू नका म्हणतात हॉटेलवाले भट्टरू."

नायी! 'न्हावी' या शब्दाची ही दुर्दशा! अपभ्रंश मी तत्क्षणी ओळखला. पण प्रश्न व्याकरणाहून मोठा होता.

"अंगणातसुद्धा नको?"

"नको! लोकांना विटाळ होतो म्हणे. सुम्ने गप्प बसतो हो तो कोपऱ्यात."

"स्वभावाने कसा आहे?"

"भारी इमानी! मला आता नीट दिसत नाही. तो पुढं चालतो, म्हणून मी घराबाहेर पडतो. तो नाही, तर मीही घरातच."

म्हणजे हा वृद्ध घरात कोंडला जाणार, आणि कशापायी? जातीपायी! माझे रक्त उसळले.

"त्याला घेऊन या. मी पुढे होते."

अंगणात बाके भरली होती. गिऱ्हाईक बहुतेक मराठीच. मी उभी राहिले.

"सज्जनहो! ज्याच्या इमानावर एक जुना सैनिक पाऊल टाकतो, त्याला येथे जागा नाही? तो येईल! माझ्या शेजारी बसेल! माझ्या बशीतली इडली खाईल! ज्याला विटाळ होत असेल, त्याने उठावे!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! मालक भट्ट तेवढे डोळे विस्फारून पाहत राहिले.

"तुमच्या बशीतली, बाई?"

"अर्थात!"

इतक्यात जाधवराव आले. त्यांच्यापुढे दोरीला बांधलेला, वासराएवढा तांबूस कुत्रा.

"हे काय? न्हावी कुठे आहे?" मी विचारले.

"इथं आहे की, अम्मा!" शेजारच्या बाकावरून एकाने कॉफीचा पेला उंचावला. "मला कोण अडवतंय? मी रोज इथंच बसतो. पण भाषण झकास झालं हं!"

"अय्यो बाई," जाधवराव म्हणाले, "कानडीत नायी म्हणजे कुत्रा!"

तोवर कुत्र्याने माझी इडली संपवली होती. बशीही चाटली. कबूल केल्याप्रमाणेच की!

शब्द मागे घ्यावा, तर जाधवराव पुन्हा घरात. मी कुत्र्याशेजारी बसले आणि दुसरी इडली मागवली.

मग ठरले ते असे: कुत्रा अंगणातच, जाधवरावांच्या बाकाखाली, दोरीने बांधून बसावा, त्याला वेगळे पान वाढावे, स्वयंपाकघराकडे त्याने फिरकू नये. भट्टांनी मान्य केले, जाधवरावांनी मान्य केले, न्हाव्याने अनुमोदन दिले.

"आणखी एक," भट्ट म्हणाले. "यापुढे बाईंनी भाषणाआधी शब्दाचा अर्थ विचारून घ्यावा."

सबंध अंगणाने हात वर केले. त्यांत माझाही होता.