बाहेरून कडी असलेली जीप

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की पहिला प्रश्न तोच पडतो: गुन्हा नेमका कोणता होता? नोकरीत चोर पाहिले, खुनी पाहिले, गळ्यात पडून रडणारे भामटेही पाहिले. त्या प्रत्येकाला कायद्यात कुठे ना कुठे जागा होती. या एका प्रकरणात मात्र सकाळी मी एका कलमाने सुरुवात केली, दुपारी दुसऱ्यावर गेलो आणि संध्याकाळी सगळी कलमं खिशात घालून घरी आलो. निवृत्त झाल्यापासून लोक मला चकमकींबद्दल विचारतात. बायको म्हणते, त्यांना ती जीपची गोष्ट सांगा. म्हणून सांगतो. नावं कुणाचीच घेणार नाही.

परळ भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो तेवढ्यात एका खबरीचा फोन आला. हा माणूस भंगारवाला. माणूस काय फेकतो त्यावरून तो काय लपवतोय ते कळतं, असा माझा अनुभव आहे, त्यामुळे भंगारवाल्यांची खबर मी कधी हलक्यात घेतली नाही.

"साहेब, करी रोडला त्या बंद कारखान्याच्या शेडमध्ये एक जीप उभी आहे. फोर व्हील ड्राइव्हवाली, उंच. मागच्या सगळ्या सीटा काढून मला विकल्या. आतून डबल पत्रा मारलाय. खाली खाने केलेत. आणि मागच्या दाराला कडी आहे ना, ती बाहेरून."

"बरं मग?"

"मग काय साहेब, आत जो असेल तो बाहेर कसा येणार?"

दुहेरी पत्रा म्हटलं की पोलिसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते, चोरकप्पा. स्टेशन डायरीत नोंद करून मी दोन शिपाई, दोन पंच आणि माझा जुना हवालदार यांना घेऊन साध्या वेशात निघालो. हवालदार मालवणकडचा. बोलतो कमी, पण बोलला की ऐकावं असा.

शेडच्या तोंडाशी चहाची टपरी होती. टपरीला लागून उलट्या क्रेटवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले. मला पाहून त्यांनी विचारलं, "दुसरी पाळी सुटली काय?" गिरण्या बंद होऊन किती काळ लोटला, पण या भागात अशी जुनी माणसं भेटतात. मी चालता चालता "सुटली" म्हणालो आणि आत गेलो.

आत जीप होती आणि तिच्याखाली झोपून काम करणारा पन्नाशीतला एक माणूस. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत फिटर आहे म्हणाला. गाडी लिलावात घेतलेली, जुनी, पण चाकं दणकट आणि स्प्रिंगचे पाटे नवे. मी मागचं दार उघडलं आणि खरं सांगतो, काही उमगेना. एका बाजूला भिंतीला लावलेली झोपायची फळी, तिला रुंद पट्टे. फळीखाली लाकडी खण. कोपऱ्यात हात-दोन हात जागेत पाण्याची टाकी, खाली पत्र्याचं उथळ भांडं आणि त्याला भोक. बाजूला एक शेगडी. वर, छताला लागून, आणखी एक फळी. खिडकीला जाड पडदा. आणि खणात झोपेच्या गोळ्यांची पाकिटं.

हवालदाराने मान हलवली. "साहेब, ह्यां कायतरी येगळांच आसा."

पंचांसमक्ष आम्ही बाजूचा एक पत्रा उचकटला. आत निघाला फोम. दुसरा उचकटला, तिथेही फोम. "उन्हाने गाडी आतून तापते साहेब, म्हणून भरलाय," तो माणूस शांतपणे म्हणाला. डोंगर पोखरून उंदीर निघाला. पंचांतला एकजण तोंड फिरवून हसला, ते मी पाहिलं.

म्हणजे तस्करी नाही. मग पट्टे कशाला? गोळ्या कशाला? बाहेरून कडी कशाला? माझ्या डोक्यात दुसरा विचार आला आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. कुणाला तरी पळवून न्यायची ही तयारी दिसत होती. त्याला चौकशीसाठी ठाण्यात घेतलं, मोबाइल काढून घेऊन बंद केला. निघताना तो चहावाल्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. "साथीदार," शिपाई म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

ठाण्यात त्याला समोर बसवलं. घाबरलेला माणूस एकतर खूप बोलतो किंवा मुळीच बोलत नाही. हा तिसराच निघाला. विचारलं तेवढंच सांगायचा, आणि त्यातून काहीच कळायचं नाही.

"ही गाडी कशासाठी बनवतोयस?"

"फिरायला. आत राहता येईल अशी."

"कुठे जाणार?"

"ते ठरलं नाही."

"अरे, माणूस आधी ठिकाण ठरवतो, मग गाडी बघतो. तुझं उलटं कसं?"

तो नखाने हातावरचं ग्रीस खरवडत राहिला.

"बरोबर कोण येणार?"

त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. "साहेब, अजून किती वेळ लागेल?" हे त्याने इतक्यांदा विचारलं की माझी खात्रीच पटली, याची कुणीतरी वाट बघतंय. तेवढं खरं निघालं. बाकी सगळं मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

इतक्यात ठाणे अंमलदार आत आला. बाहेर गिरगावची एक बाई आली होती, वडील हरवल्याची तक्रार घेऊन. वडील भावाकडे लालबागला राहतात, त्यांना स्मृतिभ्रंश आहे, घराला कुलूप आहे आणि भावाचा फोन लागत नाही. "भावाने पळवलं असेल," ती म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना कर्जतच्या बाजूला एका वृद्धाश्रमात नेणार होती, आणि भावाचा त्याला विरोध होता.

तिने मोबाइलवर वडिलांचा फोटो दाखवला. इस्त्रीचा पांढरा सदरा, केस नीट विंचरलेले.

मी आतल्या खोलीत जाऊन त्या माणसाला विचारलं, "टपरीवर बसलेत ते तुझे वडील?"

तो एकदम खाली बघायला लागला. "हो."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"काय सांगू साहेब? दाराला बाहेरून कडी, फळीला पट्टे, खणात गोळ्या. हे माझ्या बापासाठी आहे म्हटलं असतं तर तुम्ही मला सोडलं असतं? आणि ताईला कळलं असतं तर आजच घेऊन गेली असती."

चहावाला त्यांचा जुना शेजारी. शेडवर काम असलं की म्हाताऱ्यांकडे तोच लक्ष ठेवतो. कानात पुटपुटलं होतं ते एवढंच की बाबांना ऊन लागलं तर आत बसव.

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा सगळ्यांना घेऊन मी पुन्हा शेडवर गेलो. म्हातारे क्रेटवरच होते, हातात चहा. बहीण-भावाचं तिथेच जुंपलं. दोघंही रागावलेली, आणि दोघंही खरं बोलत होती. हेच मला सगळ्यात कठीण गेलं.

"रोज संध्याकाळ झाली की म्हणतात, चला, घरी जाऊ," बहीण मला सांगत होती. "लिफ्टने खाली उतरतात आणि चालायला लागतात. परवा भायखळ्याला सापडले. कधीतरी गाडीखाली येतील. हा कामावर जातो, बघणार कोण?"

"ताई, चाळ पाडली, तिथेच टॉवर उभा राहिला. ते घरीच आहेत गं. त्यांना कळत नाही."

"मग गाडीत घालून कळणार आहे का?"

तो माझ्याकडे वळला. "साहेब, मी नुसती गाडी नाही बनवली. आमची खोली बनवली. ही फळी आमच्याकडे अशीच होती. ती मोरी तशीच. वरचा माळा तसाच. चाळ पाडताना मी ही कडी काढून आणली होती, ती लावली. आमची कडी बाहेरूनच होती. आई नळावर जाताना घालायची आणि सगळी गॅलरी लक्ष ठेवायची. पट्टे गाडी चालताना ते पडू नयेत म्हणून. गोळ्या डॉक्टरांच्याच, चिठ्ठी आहे. म्हटलं, जिथे गाडी उभी करीन तिथे त्यांचं घर. गावचा चढ ही गाडी चढते. समुद्रावर जाऊ, कुठेही जाऊ. पण..."

"पण काय?"

"आत बसवलं की दोन मिनिटांत उठतात. आणि म्हणतात, चला, घरी जाऊ."

एवढं बोलून तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, हाताला ग्रीस, तोंड पुसायचीही सोय नाही. हवालदाराने आपला रुमाल पुढे केला.

मी जीपमध्ये डोकं घालून पुन्हा बघितलं. मीही परळच्या चाळीत वाढलो. सकाळी चोरकप्पे दिसले होते ते आता मोरी आणि माळा दिसू लागले. सगळं बरोबर होतं, तरी काहीतरी चुकत होतं, आणि काय ते कळेना. माझे वडील आठवले. अशा खोलीत ते कुठे असायचे ते डोळ्यांपुढे आणायला लागलो, तर ते आत दिसेचनात.

मी विचारलं, "तुमचे वडील रात्री झोपायचे कुठे?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. उत्तर बहिणीने दिलं, हळू आवाजात. "गॅलरीत. आत आई, आम्ही, आजी, आत्या. बाबा आत झोपलेले मी कधी पाहिलेच नाहीत."

आमच्या चाळींतून हीच रीत होती. खोली बायका-पोरांची, बाप्ये बाहेर, दाराला लागून, चटईवर. पोराने बापासाठी घर बांधलं आणि बापाला नेमकं तिथे ठेवलं जिथे तो कधी नव्हता. पोर आत झोपायचं ना, त्याला घर म्हणजे आतलंच आठवणार.

जीपच्या मागच्या कडेला टपावर कापडाचा एक गुंडाळा बांधलेला होता, उन्हात बसायला बाहेर ओढायचं छप्पर. त्याने तो अजून एकदाही उघडला नव्हता. तो ओढला, दोन दांडे टेकवले. चहावाल्याने चटई आणली. ती मी जीपच्या अंगाला लागून, दाराशी अंथरली.

म्हाताऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही. ते उठले, चटईशी आले, चपला काढून जीपच्या चाकाशी नीट लावून ठेवल्या. सदरा काढला, घडी केली, उशाशी ठेवला. मग पाठ गाडीला टेकवून बसले आणि आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघितलं.

"सगळी आत आली ना?" त्यांनी विचारलं.

त्यांची नजर मुलीवर थांबली. "तू बाहेर काय करतेस गं? जा आत."

ती बाई मागच्या दाराने चढली, वाकून आत शिरली आणि त्या फळीवर जाऊन बसली. मग ते आडवे झाले. 'घरी जाऊ' म्हणाले नाहीत.

हरवलेला माणूस मिळून आला, तक्रार नाही, असा जबाब बहिणीने दिला. वृद्धाश्रमाला तिनेच फोन करून नाही म्हणून कळवलं. भावाला मी दम भरला, गाडीतल्या बदलांना आरटीओची परवानगी घे, नाहीतर खरंच आत टाकीन. उचकटलेले दोन पत्रे माझ्या शिपायांनीच ठोकून दिले.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. बाहेरून कडी दिसली की आत कोण अडकलंय एवढंच आम्ही पोलीस शोधतो. दाराबाहेर कोण झोपलंय, आणि कुणासाठी, हे विचारायची आम्हाला सवय नाही.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी त्या फिटरचा फोन आला. देवगडच्या बाजूला जीप उभी होती, ताईही बरोबर होती, आणि बाबा छपराखाली चटईवर. "बाबांना देतो," म्हणाला. मागे समुद्र ऐकू येत होता.

"दुसरी पाळी सुटली काय?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"सुटली, बाबा," मी म्हणालो. "सगळी आत आली. झोपा तुम्ही."