भिंतीपलीकडची मशीद

मोंबासाच्या जुन्या गावात, विहिरीच्या मशिदीच्या मागे, बी तिमाचं घर आहे. मागे म्हणजे अगदी लागून. दोघांत भिंत एकच. अलीकडे तिमाची चूल, पलीकडे नमाजाची शेवटची ओळ. मी समोर राहते, टोप्यांवर कशिदा काढते. लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हापासून माझी सकाळ तिच्याच हातच्या खाण्यानं होते: नारळाच्या दुधात पीठ भिजवून तळलेली फुगीर महाम्री, आणि तुरीच्या दाण्यांची उसळ.

तिमाचा नवरा तारवावर होता, तो तरुणपणीच गेला. मूलबाळ नाही. घर बापाचं, वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आथमान बायकोसह राहायचा, खालचा भाग तिमाच्या वाट्याचा. पीठ मळता मळता तिनं भिंतीतून सगळी मशीद ऐकलेली. इमाम शेख अबूद यांचा आवाज जरा बसला, की ती कुणाच्या तरी हाती आल्याची कॉफी पाठवायची. कोण उशिरा येतो, कोण कपाळ टेकून केलेल्या सजद्यातून उठताना कण्हतो, सगळं तिला ठाऊक. फक्त मशीद आतून कशी दिसते ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. बायकांना कुणी मनाई केलेली नव्हती. त्यांना तिथे जागाच नव्हती.

आमच्याकडे जुन्या मशिदी पुष्कळ. दूरदूरच्या बेटांवरून माणसं येतात, एकीत दोन रकात नमाज, दुसरीत दोन रकात असं करत दिवसभर फिरतात. म्हणजे पुरुष फिरतात. त्यांच्या बायका बाहेर ओट्यांवर चपला सांभाळत बसतात.

अशीच एकदा पाटे बेटावरची एक म्हातारी मुलासोबत आली. नाव म्वानेशा. तिच्या बापानं तरुणपणी विहिरीच्या मशिदीत मुलांना शिकवलं होतं. मिहराबात, म्हणजे मक्केच्या बाजूच्या कोनाड्यात, बसवलेल्या निळ्या चिनी वाडग्यांच्या गोष्टी तो मरेपर्यंत सांगत होता. मुलगा आत गेला, आणि ती भर उन्हात भिंतीला तळवा लावून उभी राहिली. तिमानं ते दारातून पाहिलं. हात पुसत ती बाहेर आली.

"तिथे भाजून निघाल. आत या. भिंत माझ्याकडेही हीच आहे."

तिमानं खोबऱ्याचा चोथा झाडून काढला, परात उचलून बाजूला केली, धुतलेली चटई अंथरली. मक्केची दिशाही मशिदीच्याच बाजूला, तेव्हा म्हातारीचं तोंड आपोआप त्या भिंतीकडे झालं. पलीकडे शेख अबूदनी नमाज सुरू केला, तशी अलीकडे तिनंही केला. संपल्यावर ती बराच वेळ उठली नाही. मग तिमाचे पिठाचे हात हातात घेऊन म्हणाली, "बापाच्या मागे उभी राहिल्यासारखं वाटलं बघ."

ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. बाहेरगावच्या बायका चौकशी करत येऊ लागल्या, मग गल्लीतल्याही. मीही जाऊ लागले. शुक्रवारी तर इतकी दाटी, की सजद्यात माझं कपाळ पुढचीच्या टाचांना लागायचं आणि अंगावर पांघरलेल्या कांग्याला तळणीचा वास बसायचा. तिमा शुक्रवारी चूल पेटवीनाशी झाली. तिच्या धंद्याला ते परवडणारं नव्हतं.

तरीही तिनं मशिदीच्या पंचांकडे निरोप धाडला, की माझं स्वयंपाकघर मी मशिदीला देते, तुम्ही भिंतीत दार पाडा. आथमान हे ऐकून संतापला. खालच्या भागात दुकान काढायचं त्याच्या मनात होतं. बहिणीच्या वाट्यावर आपला हक्क नाही हे त्याला कळत होतं, म्हणून भांडणही करता येईना. त्यानं तिच्याशी बोलणंच टाकलं.

पंचांमध्ये सर्वांत वडील शाली बाबा. भिंत प्रवाळाच्या दगडाची, फार जुनी. तिला हात लावायला त्यांची तयारी नव्हती. फार तर एक झरोका पाडू, म्हणाले. आणि हे सांगायला ते आले कुठे, तर तिमाच्याच ओट्यावर, समोर उसळीची वाटी घेऊन. मी तिथेच होते.

तिमा म्हणाली, "झरोका नको. आवाज तर मला भिंतीतूनही येतो. मला दार हवंय."

"कुणासाठी? आज येणार, उद्या जाणार, त्या परगावच्या बायकांसाठी?"

"परगावच्या बायका मागे बसतात, बाबा. पुढच्या ओळीत कोण असतं ते घरी जाऊन विचारा."

"घरी? घरी कुणाला विचारू?"

तिमानं त्यांच्या वाटीत आणखी उसळ घातली. "बी शमसांना. गुडघे दुखतात त्यांचे, म्हणून मी त्यांना भिंतीलगत जागा देते."

शाली बाबांचा घास हातातच राहिला. बायको शुक्रवारी बहिणीकडे जाते, अशी त्यांची समजूत होती. मला हसू आवरेना, म्हणून मी सुई शोधायचं निमित्त करून खाली वाकले. त्यांनी वाटी संपवली, तोंड पुसलं आणि निघून गेले. घरी काय झालं ते बी शमसांनी कधी सांगितलं नाही. पण पुढच्या बैठकीत दाराची गोष्ट शाली बाबांनीच काढली, असं शेख अबूदनी निरोपात कळवलं.

गवंड्यानं एकेक दगड हलक्या हातानं काढला. तिमाची चूल जिन्याखाली गेली. दार उघडलं त्या शुक्रवारी सगळ्या जणी तिला पुढे ढकलत होत्या, आणि ती मात्र कोपऱ्यातला चुना पुसत बसलेली. शेवटी मी तिचा हात धरून तिला उंबऱ्यापर्यंत नेलं.

तिनं आत पाहिलं. जाड खांब, बुटकं छत, आणि समोर मिहराबात ते निळे वाडगे. इतकी वर्षं आवाजावरून तिनं मनात केवढी तरी मोठी मशीद बांधली होती.

"एवढीशीच आहे ग," ती हळूच म्हणाली आणि हसली. मग रडली. मग बायकांच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

जिन्याखाली फार उकडतं, त्यामुळे ती आता पूर्वीइतकं तळत नाही. आथमान अजून तुटकच बोलतो, पण नारळ मात्र तोच सोलून ठेवतो, आणि त्याची बायको न चुकता खाली नमाजाला येते. परवा लामूहून बायकांची एक टोळी आली होती. तिमानं त्यांना आधी खाऊ घातलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, आणि अजान झाल्यावर चुलीवरची कढई उतरवून ती त्यांच्यामागून आत गेली.