चार बादल्या शिळं पाणी

फिश टँकमधले खडे काढून टाकायचं मी ठरवलं ते माशांच्या भल्यासाठी नव्हे, माझी पाठ वाचावी म्हणून. तळाला दोन बोटं जाडीचा निळ्या-पांढऱ्या खड्यांचा थर, त्यात अडकलेलं माशांचं खाणं आणि घाण, आणि दर पंधरा दिवसांनी नळी खुपसून ती घाण ओढून काढणारी मी. हे काम आधी नवरा करायचा. गेल्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मग त्यांची औषधं, त्यांची आंघोळ, बँकेतल्या खेपा आणि वर त्यांचे दोन गोल्डफिश, सगळं माझ्या गळ्यात पडलं.

खरं सांगायचं तर मला त्या माशांचा राग यायचा. पण दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर ठरेल असं घरात तेवढंच होतं. टीव्ही लावला तर हे मान फिरवायचे. मी समोर बसले तरी फिरवायचे. मासे हलले की मात्र डावा हात काचेकडे जायचा. मासे गेले तर हा माणूस बघणार तरी काय, ह्या भीतीने मी टँक कोणाला देऊनही टाकत नव्हते.

खड्यांशिवाय टँक चालतो, नुसता तळ पुसला की झालं, असं माशांच्या दुकानदाराने सांगितलं. "दीदी, लेकिन पानी दो दिन रखा हुआ डालना. नल का डायरेक्ट मत डालना." ही गोष्ट मला नवीन नव्हती. हे स्वतः पाणी बदलायचे तेव्हा चार बादल्या दोन दिवस आधी भरून उघड्या ठेवायचे, म्हणजे नळाच्या पाण्यातलं क्लोरीनचं औषध उडून जातं. त्या बादल्यांना अडखळून मी कटकट करायची. ह्या वेळी शुक्रवारी मीच तशा चार बादल्या भरून पॅसेजमध्ये ठेवल्या. शनिवारी पाणी आलं तेव्हा आठवणीने त्यांना हात लावला नाही.

रविवारी साडेपाचला उठले. मासे टँकमधल्याच थोड्या पाण्यासकट टबात काढले आणि चहाच्या जुन्या गाळणीने खडे उपसायला बसले. गाळणी खाली गेली तशी कधीकाळची घाण वर आली. पाणी काळं झालं, घरभर गटाराचा वास सुटला. ते पाणी ठेवण्यासारखं उरलंच नाही, मगाने उपसून सगळं ओतून दिलं. गुडघे बोलायला लागले होते. स्वयंपाक, नाश्ता, आंघोळी अजून पुढेच होत्या.

साडेसहाला नळ फुसफुसला. आमच्या बिल्डिंगला सकाळी पाऊण तास पाणी येतं, आणि नळ फुसफुसला की माझे हात मला विचारत नाहीत. कालचं ओतायचं, भांडं विसळायचं, ताजं भरायचं. आई हेच करायची, सासूबाई हेच करायच्या, मी पंचवीस वर्षं हेच करतेय. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. कळशी झाली, पिंप झालं, मग पॅसेजमधल्या चार बादल्या. ओतल्या, विसळल्या, भरल्या.

खुर्चीतून ह्यांचा आवाज येत होता. "आं... आं..." डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापा मारत होते.

"अहो थांबा जरा, पाणी आलंय. चहा देते नंतर."

आवाज वाढला.

"संडासला जायचंय का?"

मान 'नाही' अशी हलली.

"मग चहाच ना? थांबा म्हटलं ना!" मी चक्क खेकसले.

बादल्या टँकमध्ये रिकाम्या केल्या, मासे सोडले. काच लख्ख दिसत होती. म्हटलं, बघा आता. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. इतकं राबून त्याची ही किंमत, असं वाटून मला रडूच आलं.

दहा मिनिटांत दोन्ही मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पांढरा मासा आडवा झाला. मी डोळे पुसायला हात वर नेला तर हाताला औषधाचा उग्र वास. तेव्हा कळलं मी काय ओतून दिलं होतं, आणि हे काय सांगत होते.

मासे पुन्हा टबात टाकले, त्यातलं टँकचं जुनं पाणी तेवढं शिल्लक होतं. रिकामी बादली घेऊन शेजारचं दार वाजवलं. "भाभी, कल का पानी है क्या? बासी?"

"अरे दीदी, अभी तो फेंका!"

समोरच्यांनी फेकलेलं, खालच्यांनी फेकलेलं. सगळी बिल्डिंग माझ्यासारखीच नीटनेटकी. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी चार दिवस गावाला जाऊन रात्रीच परतली होती. तिथल्या सूनबाई पिंप उलटं करायच्या बेतात होत्या.

"काकू, हे चार दिवसांचं आहे हो. वास मारत असेल."

"तेच दे बाई मला," म्हटलं.

नारिंगी मासा जगला. पांढरा दुपारपर्यंत गेला. ह्यांच्यासमोरच त्याला बाहेर काढावं लागलं. "तुम्ही सांगत होतात," मी म्हणाले, "आणि मी तुम्हाला चहा विचारत होते." ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माशासाठी की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. वर्षभर मी ह्या माणसाला दोनच प्रश्न विचारत आले होते, चहा आणि संडास. तेवढ्यात बसत नसेल ते त्यांनी कुठे ठेवलं असेल?

मंगळवारी सकाळी नळ चालू असताना पुन्हा आवाज आला. पिंप अर्धं झालं होतं, पाणी जायला दहा मिनिटं होती. मी नळ बंद केला, ओले हात पदराला पुसले आणि त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"सांगा," म्हटलं.

बराच वेळ गेला. हात वर, मग छताकडे, मग बोट गोल गोल. त्यांना पंखा कमी करून हवा होता. थंडी वाजत होती.