बिनदोऱ्याची फळं

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाचनालयात त्याच्याच खुर्चीवरची वर्तमानपत्रं उचलत होतो. खिडकीजवळची ती खुर्ची. खाली मस्तगडाचा रस्ता दिसतो, रिक्षांचे हॉर्न सतत ऐकू येतात. तरी आठवड्यातून एकदा तो तिथेच येऊन बसे. चष्मा पुसे, हाताला लागेल ते पुस्तक उघडे आणि तासभर तेच पान समोर ठेवून बाहेर बघत राही. फोनवर नलिनीवहिनी होत्या. "भाऊजी, तुमचा मित्र गेला," एवढंच म्हणाल्या आणि थोडं थांबून, "ऑफिसातच... चहा सांगितला होता म्हणे." मी "येतो" म्हणालो आणि निघायचं सोडून खाली बसलो. एक वाचक आला. "ही खुर्ची रिकामी आहे का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो.

शोकसभेत व्यापारी मंडळी भरभरून बोलली. बाजारात गेलेलं बियाणं स्वतः फिरून परत आणणारा माणूस, अर्ध्या दिवसात निर्णय घेणारा माणूस, असे उल्लेख पुन्हा पुन्हा झाले. ते खोटं नाही. फक्त ऐकताना असं वाटत होतं, की ती गोष्ट त्या अर्ध्या दिवसातच संपली. मी शेवटच्या रांगेत बसून होतो. त्या दिवसानंतरचा भास्कर माझ्या खिडकीत येऊन बसत असे, आणि त्याच्याविषयी त्या सभेत कुणाला काही ठाऊक नव्हतं.

आम्ही शाळासोबती. मी पुस्तकांकडे वळलो, तो बियाण्यांकडे. थोरला भाऊ अण्णा आणि तो, दोघांनी मिळून मिरचीच्या संकरित बियाण्याची छोटी कंपनी काढली. अण्णा भोकरदनच्या रस्त्यावरच्या त्यांच्या गावी राहत आणि खेड्यांतले बीजोत्पादनाचे प्लॉट सांभाळत. प्रतवारी, पाकिटं आणि विक्री भास्करकडे. अण्णा मोठ्या आवाजाचे, प्रत्येक घरात चहा घेणारे. भास्कर हळू बोलणारा. दोघांचं छान जमायचं. त्यांच्या घरच्या महालक्ष्म्या थोरल्याकडे, म्हणजे अण्णांच्या घरी बसत आणि जेवणाच्या दिवशी भास्कर सगळं कुटुंब घेऊन गावी जाई. एक-दोनदा मीही गेलो आहे. सोळा भाज्यांचं ताट, दारापासून देवघरापर्यंत काढलेली कुंकवाची पावलं, आणि अण्णांचा आग्रह... "माधव, लाजून राह्यला का? पुस्तकं खाऊन पोट भरत न्हाई बाबा!"

मिरचीचं संकरित बी कसं तयार होतं, हे मला भास्करनेच दाखवलं होतं. कळी उमलायच्या आत बायका तिच्यातले पुंकेसर काढतात, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नर झाडाचे पराग लावतात आणि देठाला लाल दोरा बांधतात. दोरा असलेलं फळ बियाण्याचं. जे फूल हात लागायच्या आधीच उमललं, ते खुडून टाकायचं. कारण त्याचं फळ धरलं तर बी संकरित निघत नाही, झाड आईसारखंच होतं, बुटकं आणि आखूड मिरचीचं. म्हणून प्लॉटवर रोज माणूस लागतं. महालक्ष्म्यांच्या दिवसांत मात्र कामाला बाया मिळत नाहीत. ज्याची त्याची घरं सणात असतात. त्या दिवसांत उमललेली सगळी फुलं नंतर खुडावीच लागतात.

बियाणं परत आणलं त्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला भास्कर मला सकाळी कारखान्यामागच्या शेडनेटमध्ये, जाळीच्या मांडवात, घेऊन गेला. तिथे प्रत्येक गावचं बी थोडं थोडं लावून, फळ धरेपर्यंत वाढवून ते शुद्ध आहे की नाही हे बघत. एका पट्ट्यात मधूनमधून बुटकी झाडं होती. मला ती गोजिरवाणी वाटली आणि मी तसं म्हणालोही. भास्कर पुढे झाला. वाकून एकेका झाडाची मिरची बोटांनी मोजल्यासारखी चाचपत गेला. पट्ट्याच्या टोकाला पाटी होती, तिच्यावर त्याच्याच गावाचं नाव.

तो माल दुकानांत पोहोचला होता. खरं तर शेडनेटचा निकाल आल्याशिवाय माल हलवायचा नाही, हा त्याचाच नियम. पण दुकानदार घाई करत होते आणि अण्णांच्या गावचं बी आजवर कधी खोटं निघालं नव्हतं. त्यामुळे त्या वर्षी त्याने वाट पाहिली नाही. सगळ्या गावांचं बी एकत्र करून पाकिटं भरली गेली होती. शेतकऱ्यांनी रोपं टाकायला नुकती सुरुवात केली होती.

त्याने अण्णांना बोलावून घेतलं. पॅकिंगच्या हॉलमध्ये आम्ही उभे होतो. मॅनेजर अजिजीने म्हणत होता, "साहेब, अजून एकदा लावून बघू. घाईनं काही करू नका." भास्कर त्याला म्हणाला, "दुसऱ्यांदा लावून फळ दिसंस्तोवर लोकांची रोपं वावरात जातील. मंग बघून काय करायचं?" मग अण्णांकडे वळून त्याने विचारलं, "लक्ष्म्यांच्या दिवसांतलं खुडलं होतं का?"

अण्णा बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "लक्ष्म्या घरात बसलेल्या. बाया म्हनल्या, लक्ष्म्यांत भरलेलं झाड ओरबाडू नये. मला बी पटलं. म्हनलं राहू द्या, तोडणीच्या टायमाला बिनदोऱ्याचं बाजूला काढू."

"काढलं?"

"तवा घाई झाल्ती..." आणि लगेच आवाज चढवून, "अरे पन झाडं कितीक हायेत अशी? मूठभर! बाकी सगळी बराबर हायेत. हवेनं बिघडलं म्हनतील लोक. दरसाल म्हनत्यात."

"यंदा मला ठावं हाय, अण्णा," भास्कर म्हणाला.

एवढंच. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. काही ठरवताना माणूस निदान क्षणभर थांबतो, तसा तो थांबला नाही. मॅनेजरला त्याने सगळ्या दुकानांना फोन लावायला सांगितलं, टेम्पो सांगितला. दुकानदारांना पाठवायचा मजकूर स्वतः तोंडी सांगितला, मला तो मराठीत नीट करून द्यायला लावला. त्यात त्याने "आमच्याकडून" असं न म्हणता "माझ्याकडून चूक झाली आहे" असं लिहायला लावलं. मी म्हणालो, कंपनीचं पत्र आहे, "आमच्याकडून" बरं दिसेल. तो म्हणाला, "न्हाई. माझ्याकडून."

दुकानांत तो स्वतः गेला. एका ठिकाणी मी बरोबर होतो. दुकानदार गल्ल्यावरून उठलाच नाही. "भाऊ, दुसऱ्या कंपन्या माल टाकायला दारात उभ्या राहतात. तुम्ही उचलायला आलात? पुढच्या साली यायची तकलीफ घेऊ नका मग." भास्कर "बराबर आहे तुमचं" म्हणाला आणि पाकिटांचे खोके उचलायला लागला. ज्यांनी रोपं टाकली होती त्यांची गावं विचारून तो तिथेही गेला. वाफे मोडायला सांगितले आणि दुसऱ्या, आपल्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीचं बियाणं बाजारातून विकत घेऊन त्यांच्या हातात दिलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "यांचं चांगलं असतं का वो?" भास्कर पहिल्यांदाच हसला. "चांगलं असतं. म्हनून तर आणलं."

परत आलेल्या बियाण्याला औषध लावलेलं असल्यामुळे ते कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. गोदामामागे खड्डा घेऊन ते पुरलं. अण्णा काठावर उभे होते. खड्डा बुजल्यावर भास्कर त्यांच्याजवळ गेला आणि त्याने दुसरा निर्णय सांगितला. सभेत त्याचा उल्लेख कुणी केला नाही. "अण्णा, यंदापासून प्लॉट दुसरं कुनी बघंल. तुम्ही ऑफिसात बसा."

"बसवून ठेवतो का मला? गणपती हाय का मी?" अण्णा म्हणाले. मग ते जवळ सरकले. "साऱ्या दुकानांत सांगत फिरलास, चूक माझी म्हनून. मंग मला का हाकलून राह्यला?"

"माझी होती म्हनून सांगितली. पन ती पुन्हा होऊ न देणं बी माझ्याकडंच आलं ना, अण्णा."

अण्णांनी चपलांवरची माती झटकली, स्कूटर सुरू केली आणि गेले. ऑफिसात ते कधीच बसले नाहीत.

त्या दुपारी भास्कर वाचनालयात आला, खिडकीत बसला. मला वाटलं, आता तो विचारेल, मी केलं ते बरोबर केलं का. मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं. पुष्कळ वेळाने त्याने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "माधवा, यंदा लक्ष्म्यांना अण्णा बोलावतील का रे?" बाहेर रणरणतं ऊन होतं. भाद्रपद कुठल्या कुठे होता.

अण्णांनी बोलावलं नाही. त्या वर्षी नाही, नंतरही नाही. कंपनीला पहिली दोन-तीन वर्षं फार जड गेली, मग दुकानदार एकेक करून परत आले. तोंडावर बोललेला तो गल्ल्यावरचा दुकानदारही आला. अण्णा आले नाहीत. भास्कर दर वर्षी दोन्ही लक्ष्म्यांसाठी साड्या गावी पाठवी. साड्या परत आल्या नाहीत. जेवायला या, असा निरोपही आला नाही. स्वतःच्या घरी वेगळ्या लक्ष्म्या बसव, असं त्याला अनेकांनी सुचवलं. "थोरल्याच्या घरी बसतात त्या," एवढंच तो म्हणे. मध्यस्थी कर, असं त्याने मला कधी सांगितलं नाही आणि त्याला न विचारता मी ती केली असती तर त्याला आवडलं नसतं. निर्णय मागे घेण्याचा विषय तर त्याच्या तोंडून कधीच निघाला नाही. तो निर्णय चुकला असं त्याला वाटतच नव्हतं, आणि म्हणून त्याच्या त्या एकटेपणावर कुणाकडे इलाजही नव्हता.

जेवणाच्या दिवशी घरात थांबणं त्याला जमेना. मग त्याने एक रिवाजच पाडून घेतला. त्या दिवसांत बायांना सुट्टी आणि जेवणाच्या दिवशी तो स्वतः गावच्या प्लॉटवर जाऊन उमललेली फुलं खुडायचा. पुढे मीही जाऊ लागलो. प्लॉटवरच्या शेडनेटच्या आत दमट उकाडा, गावाकडून कुठूनतरी लाउडस्पीकरवरची आरती, आणि ओळीतून सरकणारे आम्ही दोघं. मिरचीचं फूल पांढरं, इतकं लहान की खुडल्याचा आवाजही होत नाही. दुपारी बांधावर डबा उघडायचा. नलिनीवहिनी त्यात पुरणपोळ्या देत, आणि नेहमी तिघांच्या. मी एकदा म्हणालो, "वहिनींचा अंदाज चुकतो दर वर्षी." भास्कर म्हणाला, "असू दे. आलंच कुनी तर." उरलेलं आम्ही परत घेऊन यायचो. इतकी वर्षं मी समजत होतो, की राखणदार आलाच तर त्याच्यासाठी ते असेल.

यंदा आषाढात तो गेला. अण्णा अंत्यविधीला आले होते, दहाव्याला होते. कुणाशी बोलले नाहीत. भाद्रपद आला तेव्हा प्लॉटवर कोण जाणार, हे मॅनेजर विचारील असं वाटलं होतं. त्याने नाही विचारलं. जेवणाच्या दिवशी सकाळी मीच वहिनींकडे गेलो. त्यांनी डबा भरून तयार ठेवलेला होता. दुःखाचं वर्ष, म्हणून पुरण नव्हतं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. डबा उचलला तर नेहमीइतकाच जड.

शेडनेटचं दार ढकलून आत गेलो तर पहिल्या ओळींच्या सरीत खुडलेली पांढरी फुलं पडलेली. मी थबकलो. पलीकडच्या टोकाला, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून अण्णा एका झाडावर वाकलेले होते. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहून काम होत नाही. एक झाड झालं की क्रेट पुढे सरकवायचा, पुन्हा बसायचं. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. मी म्हणालो, "अण्णा, आज घरी..."

"यंदा आमच्याकडं बसल्या न्हाईत," ते फुलाकडे बघतच म्हणाले. "भावाचं वर्ष झालं न्हाई अजून."

मी पुढची ओळ धरली. मग ते आपल्याशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "त्याच्याच साड्या नेसवत होतो दरसाल. दुसऱ्या घेतल्याच न्हाईत कंदी." मग बोलावलं का नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांचा हात एका झाडावर थांबला होता, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

दुपारी बांधावर आम्ही जेवलो. अण्णांनी तिसऱ्याचं जेवणही जेवून टाकलं, बारीक तुकडा करून, अगदी सावकाश. "ती कोपऱ्यातली ओळ राह्यली," म्हणून उठले.

संध्याकाळी डबा द्यायला गेलो. वहिनींनी तो हातात घेतला आणि हलका लागला म्हणून झाकण उघडून पाहिलं. आत काही नव्हतं. भास्करच्या चपला अजून दाराशी होत्या.

"अण्णा आले होते," मी म्हणालो.

"भाकरी कडक तर नव्हती ना झाली?" त्यांनी विचारलं, आणि डबा घासायला आत घेऊन गेल्या.